तुम्ही लेखी दिलंत, सर

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

माझ्या सदोष टेम्पोच्या तक्रारीवर ग्राहक आयोगाने दिलेल्या निकालाची प्रत हातात आली तेव्हा तुम्हाला फोन केला होता. "बरं झालं, आता धंद्याकडे लक्ष द्या," एवढं बोलून तुम्ही फोन ठेवलात आणि माझं बोलायचं राहून गेलं. ते इथे सगळ्यांसमोर लिहितो आहे. नवीकोरी गाडी घेऊन डीलरच्या दारात हेलपाटे घालणारे माझ्यासारखे खूप आहेत. त्यांना, आणि गाडीतलं खरोखर कळणाऱ्या जाणकारांनाही, तुम्ही नेमकं काय केलंत ते कळावं असं मला मनापासून वाटतं. नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलं आहे, तो शब्द पाळतो.

इतरांसाठी थोडक्यात सांगतो. मी ओतूरचा. टेम्पो माझा, चालवतोही मीच. टोमॅटोच्या हंगामात नारायणगावहून, एरवी आमच्या शिवारातून, माळशेज घाट उतरून मुरबाड, कल्याण करत वाशीच्या मार्केटला माल पोचवायचा आणि रिकामे क्रेट घेऊन परत घाट चढायचा, हे माझं रोजचं काम. जुना टेम्पो विकून कर्जावर नवा घेतला आणि पहिल्या सर्व्हिसिंगच्याही आधी त्याचा तिसरा गिअर निसटायला लागला. ज्यांनी भरलेली गाडी घेऊन घाट उतरवला आहे त्यांना यातली भीती वेगळी सांगायला नको. उतारावर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनाने गाडी धरून ठेवायची असते. नेमक्या त्याच वेळी लिव्हर खटकन न्यूट्रलला यायचा, गाडी मोकळी सुटायची आणि पुढचं सगळं ब्रेकवर. माळशेजच्या वळणांवर, पावसाळ्यातल्या धुक्यात, रात्री दोनला.

डीलरकडे गेलो की उत्तर ठरलेलं. "ओव्हरलोड भरता, म्हणून होतं." मग "गिअर टाकायची तुमची सवय चुकीची आहे." मग "हे वेअर अँड टेअर, वॉरंटीत बसत नाही." दर वेळी गाडी दिवसभर ठेवून घ्यायचे, ऑइल टॉपअप केलं म्हणायचे आणि संध्याकाळी चावी हातात द्यायचे. कंपनीच्या टोल फ्री नंबरवर तक्रार केली तर ती फिरून त्याच डीलरकडे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर नोंद केल्यावर कंपनीचं एक लेखी उत्तर तेवढं आलं: उत्पादनात दोष नाही, वापर चुकीचा.

तोंडी मात्र सगळे माझ्याच बाजूने होते. आमच्याकडच्या गॅरेजवाल्याने एक चक्कर मारूनच सांगितलं, "गिअरबॉक्स मुळातच खराब आलाय." डीलरच्याच वर्कशॉपमधला एक पोरगा हळूच म्हणाला, "काका, अशा अजून आल्यात." पण कागदावर लिहून द्या म्हटलं की प्रत्येक जण मागे सरकायचा. त्यांना दोष देत नाही. गॅरेजवाल्याला ओरिजिनल पार्ट त्याच डीलरच्या काउंटरवरून आणावे लागतात आणि वर्कशॉपमधल्या पोराला महिनाअखेरीला पगार हवा असतो. तरी अडायचं ते तिथेच. ग्राहक पंचायतीच्या ज्या ताईंनी मला कायदा समजावला, त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की गाडीची बरीच प्रकरणं इथेच हरतात. उत्पादनातला दोष नुसता ओरडून सिद्ध होत नाही, जाणकाराचा लेखी अहवाल लागतो. प्रत्येक वेळी लागतो असंही नाही. अपघातात एअरबॅग उघडल्या नाहीत त्या प्रकरणात, ग्राहक काही भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ नसतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे. पण गिअरबॉक्सच्या पोटातली गोष्ट कुणीतरी तपासून सांगायलाच हवी होती.

ताईंनी तुमचा पत्ता दिला. एसटीच्या दापोडी कार्यशाळेत आयुष्य गेलेला, ऑटोमोबाइलचा डिप्लोमा असलेला माणूस. मी वाटभर काय काय बोलायचं ते ठरवत आलो होतो. तुम्ही माझं गाऱ्हाणं ऐकायच्या आधी जॉब कार्डं मागितलीत, म्हणजे गाडी दुरुस्तीला देताना डीलरकडे तक्रार नोंदवतात ते कागद.

ती टेबलावर पसरून तुम्ही दाखवलंत ते अजून डोळ्यांसमोर आहे. 'कस्टमर व्हॉइस'च्या रकान्यात प्रत्येक कार्डावर 'जनरल चेकअप' लिहिलं होतं. गिअर निसटतो हे मी दर वेळी सांगायचो, सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर मान डोलवायचा आणि संगणकावर भलतंच टाकायचा. तुम्ही म्हणालात, "आता परत जा. तुमचे शब्द आहेत तसे लिहून घ्या: तिसऱ्या गिअरमधून लिव्हर आपोआप न्यूट्रलला येतो, उतारावर, अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर. आकडा लिहा, किलोमीटर किती झाले ते. त्याशिवाय सही करू नका आणि प्रत घेतल्याशिवाय गाडी सोडू नका." तसं केलं. त्या अ‍ॅडव्हायझरने कुरकुर केली, मॅनेजरला बोलावलं, पण शेवटी लिहिलं. पुढे आयोगापुढे सगळ्यात जास्त बोलली ती हीच कार्डं.

मग तुमची तपासणी. गिअरबॉक्स उघडायचा नाही हे तुम्ही आधीच ठरवलं होतंत, कारण उघडला की समोरचे छेडछाड केली म्हणून मोकळे. डीलरला आणि कंपनीला रजिस्टर पोस्टाने दिवस, वेळ, जागा कळवायला लावलंत, म्हणजे हवं तर त्यांनी समोर उभं राहून बघावं. कुणी आलं नाही. माल भरून आधी गाडी वजनकाट्यावर नेलीत, पावती घेतलीत आणि आरसी बुकावरच्या वजनाशी ताडून पाहिलीत. वीस वीस किलोचे क्रेट, सगळे मोजून. भार मर्यादेच्या आत होता. त्याच भाराने आपण घाट उतरलो. तुम्ही शेजारी बसून प्रत्येक वेळी लिव्हर सुटला की वेग आणि जागा वहीत टिपत होतात आणि तुमचा भाचा मोबाइलवर शूटिंग करत होता.

सगळ्यात लक्षात राहिलं ते ऑइलचं. ड्रेन प्लग सोडून तेल स्वच्छ परातीत घेतलंत, पांढऱ्या सुती कापडातून गाळलंत. कापडावर करडी पूड आणि तिच्यात सोन्यासारखी बारीक चमचम. तुम्ही लोहचुंबक कापडाखालून फिरवलंत. करडी पूड चुंबकामागे सरकत एका बाजूला गोळा झाली, चमचम जागची हलली नाही. "ही करडी पूड पोलादाची. नव्या गाडीत दातांची घासणी बसताना थोडी येतेच, तिचं काही नाही. ही पिवळी मात्र पितळ आहे. गिअर टाकताना वेग जुळवून घेणारी सिंक्रोनायझरची रिंग खाल्ली जातेय. इतक्या कमी किलोमीटरला एवढं पितळ तेलात यायचं कारण नाही." मग क्लच तपासलात. तो ठणठणीत. "ओव्हरलोड असता तर आधी क्लच प्लेट जळाली असती. आणि ओव्हरलोडने एकटा तिसराच गिअर कसा बिघडेल, बाकीच्यांनी काय केलं?" हा तुमचा प्रश्न तुम्ही अहवालातही जसाच्या तसा, फक्त सभ्य भाषेत घातलात. तेलाच्या दोन बाटल्या भरून, लाखेचं सील करून, सह्या घेतल्यात. नवं तेल कंपनीच्याच ग्रेडचं टाकायला लावून त्याचं बिल फायलीला लावलंत.

तुम्ही फी घेतलीत याबद्दलही आभार मानतो, सर. मी संकोचलो होतो की तुम्ही काही घेणार नाही. तुम्ही पावतीपुस्तक काढलंत आणि म्हणालात, "फुकट दिलेल्या अहवालाला समोरचा वकील ओळखीतला अहवाल म्हणेल. रीतसर घेतो, रीतसर देतो."

आणि एक गोष्ट, जिच्यासाठी मी त्या दिवशी तुमच्यावर मनातून नाराज झालो होतो. मला गाडीच बदलून हवी होती. अख्खी गाडी सदोष आहे असं लिहा, असा मी आग्रह धरला. तुम्ही नाही म्हणालात. इंजिन चांगलं आहे, चासी सरळ आहे, ब्रेक उत्तम आहेत, मी जे पाहिलं तेवढंच लिहीन. पुढे ताईंनी दाखवलं की दुरुस्त होणाऱ्या दोषासाठी अख्खं वाहन बदलून न देता सदोष भाग बदलून द्यावा असा सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा निकालच आहे. तुम्हाला तो निकाल माहीतही नव्हता. तुम्ही फक्त पाहिलं त्यापलीकडे एक शब्द लिहायला तयार नव्हता. आयोगाने अहवालाबद्दल 'निःपक्षपाती' हा शब्द वापरला, तो माझ्या मते याच नकारामुळे.

तक्रार पुण्याच्या जिल्हा आयोगात दाखल केली. डीलर दुसऱ्या जिल्ह्यातला, पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. गाडीची किंमत पाच ते दहा लाखांच्या मधली, म्हणून फी फक्त २०० रुपये. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत मात्र सांभाळावी लागते.

समोरच्यांनी पहिली हरकत घेतली की टेम्पो व्यापारी वापराचा आहे, हा ग्राहकच नव्हे. त्यावर ताईंनी सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा निकाल पुढे केला. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी रिक्षा किंवा ट्रक घेणारा माणूस ग्राहकच असतो, असं त्यात उदाहरणासकट सांगितलं आहे, आणि आजच्या कायद्यातही स्वयंरोजगारासाठी ही सूट लिहिलेली आहे. मग डीलर म्हणाला, दोष कंपनीचा; कंपनी म्हणाली, डीलर स्वतंत्र, त्याच्या वागण्याला आम्ही जबाबदार नाही. हे दुसरं म्हणणं अगदी पोकळ नाही. गोव्यात एका ग्राहकाने २०११ चं मॉडेल म्हणून पैसे भरले आणि त्याला ६२२ किलोमीटर चाललेली २००९ ची गाडी मिळाली. त्या प्रकरणात, डीलरच्या त्या कृत्याची कंपनीला माहिती होती असं सिद्ध झालं नाही म्हणून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला त्यातून सोडलं. म्हणून डीलर आणि कंपनी दोघांनाही पक्षकार करायचं आणि कुणाचं काय चुकलं ते वेगवेगळं मांडायचं, हे आमच्या ताईंचं धोरण. पण गिअरबॉक्स कारखान्यातून तसाच आला हे सांगणारं कुणी नसतं, तर कंपनी इथेही सुटली असती.

त्यांच्या वकिलाने तुम्हाला पाठवलेली लेखी प्रश्नावली मी वाचली तेव्हा मला राग आला होता. तुम्ही अभियंता नाही, तुमच्याकडे प्रयोगशाळा नाही, निवृत्तीनंतर तुमचं ज्ञान जुनं झालं आहे, पैसे घेऊन अहवाल दिलात. या वयात, कोण कुठल्या टेम्पोवाल्यासाठी, असलं कशाला कुणी ऐकून घ्यावं? तुम्ही प्रत्येक प्रश्नाखाली शांतपणे उत्तर लिहिलंत, डिप्लोमाची प्रत जोडलीत, फीची पावती जोडलीत आणि शेवटी एक वाक्य घातलंत: सीलबंद नमुना आयोगाच्या ताब्यात आहे, विरुद्ध पक्षाने तो हव्या त्या प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. त्यांनी तो तपासून घेतला नाही, स्वतःचा तज्ज्ञही आणला नाही. निकालपत्रात यावर एक अख्खा परिच्छेद आहे.

नवा गिअरबॉक्स मोफत, गाडी उभी राहिली त्या काळाची नुकसानभरपाई, तक्रारीचा खर्च आणि त्यात तुमची फीसुद्धा. अपिलाची ४५ दिवसांची मुदत गेली, कुणी वर गेलं नाही. जुना गिअरबॉक्स वर्कशॉपमध्ये माझ्यासमोरच खोलायला लावला, तुम्ही सांगितलं होतं तसं. तिसऱ्या गिअरची रिंग एका बाजूने पातळ झाली होती, बाकीच्या जवळजवळ नव्यासारख्या. तिथल्या फोरमनने ती हातात फिरवून बघितली आणि काही न बोलता माझ्या हातात दिली. तिचा फोटो तुम्हाला पाठवला आहे.

आता एक विनंती. ओतूर, आळेफाटा, नारायणगाव भागातले गाडीवाले माझ्याकडे विचारायला येतात. दोघांची प्रकरणं मला खरी वाटतात, एक पिकअपचं आहे आणि एक शाळेच्या व्हॅनचं. तुमचा नंबर तुम्हाला विचारल्याशिवाय देणार नाही. तुमची तब्येत आणि वय बघता सगळं तुमच्यावर टाकणंही बरोबर नाही. पण आयटीआयमधले निदेशक, पॉलिटेक्निकमधले प्राध्यापक, एसटीतून निवृत्त झालेले तुमचे सहकारी यांच्यापैकी कुणी तयार असेल तर त्यांना एकदा तुमच्यासोबत बसवा. अहवाल कसा लिहायचा, नोटीस कशी द्यायची, नमुना कसा सील करायचा, हे तुमच्याकडून शिकू द्या. जागेची आणि चहापाण्याची सोय ताई करणार आहेत. रविवार सोयीचा असेल तर कळवा, मी गाडी घेऊन न्यायला येतो.

वहिनींना नमस्कार. भाच्याला सांगा, त्याने केलेलं शूटिंग आयोगात दोनदा लावून बघितलं गेलं.

तुमचा ऋणी,
ओतूरचा टेम्पोवाला