मुकाट्यानं नीज

ग्लासगो, रविवार पहाट

प्रिय वश्या,

मार्चमधल्या तुझ्या पत्राला अजून उत्तर नाही. शिव्या घालून झाल्या असतील, म्हणून माफी मागत नाही. तब्येत बरी. साखर काबूत, गुडघा त्याच्या मर्जीने. आता ऐक, कारण हे इथे कुणाला सांगून उपयोग नाही. लेकीला सांगितलं तर म्हणाली, "बाबा, पन्नास वर्षांपूर्वीच्या वहीसाठी झोप लागत नाही?"

गेल्या आठवड्यात तिने मला स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या आयोना बेटावर नेलं. ओबनपर्यंत आगगाडी, तिथून मल बेटाची बोट, मल ओलांडायला बस, मग पुन्हा छोटी बोट. पंढरीची वाट सोपी. बेट जेमतेम पाच किलोमीटर लांब. ५६३ साली कोलंबा नावाचा आयरिश साधू बारा जणांसह इथे उतरला आणि त्याने मठ स्थापला. इथे स्वर्ग आणि पृथ्वी यांच्यामधला पडदा विरत गेलाय, असं येणारे-जाणारे सांगतात. मला पडदा दिसला नाही, आडवा पाऊस दिसला. छत्री उलटी झाली तेव्हा तुझी आठवण आली. सिंहगडावरची तुझी ती छत्री!

पण रात्री घोळ झाला. उतरलो होतो त्या घरी कपाटात 'कार्मिना गाडेलिका'चा एक खंड सापडला. अलेक्झांडर कारमायकेल म्हणून अबकारी खात्यातला एक अधिकारी होता. दारूवरचा कर वसूल करायला बेटाबेटांवरून हिंडायचा आणि लोकांच्या तोंडून गेलिक या तिथल्या जुन्या भाषेतल्या प्रार्थना उतरवून घ्यायचा. त्यांचाच हा संग्रह. (अबकारीवाला आणि प्रार्थना! तुझ्या मामांना सांग.) पहिले दोन खंड १९०० साली निघाले. देवासाठी वेगळं बसायचंच नाही त्यात. सकाळी तोंडावर पाणी मारताना प्रार्थना, धार काढताना प्रार्थना, बिछाना घालताना प्रार्थना. आणि रात्री चुलीतला विस्तव झाकतानाची.

तिथे मी अडकलो. घरातली बाई निखारे गोल पसरते, त्यांचे तीन वाटे करते. वाट्यांच्या मध्ये पीटचा एकेक तुकडा. पीट म्हणजे दलदलीतून खणून वाळवलेली काळी माती, त्यांची गोवरीच म्हण. पहिला तुकडा जीवनाच्या देवाच्या नावाने, दुसरा शांतीच्या, तिसरा कृपेच्या. मग वरून राख, आणि पुटपुटत म्हटलेली प्रार्थना. सकाळी फुंकर मारली की विस्तव जागा.

वश्या, आजी. आमच्या गावच्या सोप्यातली. गोवरीचा तुकडा, वर राख, आणि चुलीला दटावणं. मी परक्यांच्या घरात, परक्या गादीवर बसून रडलो. लेक शेजारी घोरत होती म्हणून निभावलं.

इथवर ठीक होतं. ग्लासगोला परतल्यावर मला खाज सुटली आणि मी या कारमायकेलबद्दल वाचत सुटलो. त्याच्या टिपणवह्या एडिनबरा विद्यापीठाने जपून ठेवल्या आहेत. त्या आणि छापील पुस्तक शेजारी ठेवलं की ठिकठिकाणी फरक दिसतो. शब्द गुळगुळीत केलेले, ओळी भरलेल्या, कुठे भाषा मुद्दाम जुनी केलेली. १९७६ साली एका अभ्यासकाने त्याच्यावर उघड आरोप केला. बाजू घेणारेही निघाले. त्यांचं म्हणणं, तेव्हा गेलिक बोलणाऱ्यांना अडाणी, रानटी समजत, जमिनीवरून हुसकावून लावत. हे लोक किती सुसंस्कृत आहेत हे त्याला जगाला दाखवायचं होतं.

मला घाम फुटला, कारण नेमकं हेच मी तुला सांगितलं होतं. कॉलेजच्या वार्षिकात आजीच्या ओव्या दिल्या तेव्हा, कँटीनच्या मागे, हाच बचाव. शहरातली पोरं हसतील म्हणून मी त्या नीट केल्या. तू तीन महिने बोलला नाहीस. "म्हातारीच्या तोंडात दात नव्हते, तू कवळी बसवलीस," हे तुझं वाक्य मी कुणाकुणाला माझं म्हणून ऐकवलंय. आज कबूल करतो.

पण आता कठीण काय ते ऐक. माझ्या डोक्यात फक्त कवळीवालीच ओवी उरलीय. "निज रे अग्निदेवा, शांत या अंधारी." आजी असं कधीच बोलली नसणार. तिने 'अग्निदेवा' म्हटलं असतं तर चूलच हसली असती. खरा एकच शब्द आठवतो, 'मुकाट्यानं', तोही तू माझ्या अंगावर ओरडला होतास म्हणून. "मुकाट्यानं नीज" असं काहीतरी होतं. पुढे? मग त्या रात्री मी रडलो तो आजीसाठी की माझ्याच गुळगुळीत ओळींसाठी? कारमायकेलचा देव इतका माझ्या ओळखीचा का वाटला?

कोलंबाचीही एक कथा आहे, तुला आवडेल. त्याने गुरूच्या पोथीची चोरून नक्कल केली. राजाने निवाडा दिला, ज्याची गाय त्याचं वासरू, ज्याची पोथी त्याची नक्कल. त्यावरून म्हणे लढाई पेटली, माणसं मेली, आणि त्याचं प्रायश्चित्त म्हणून हा आयोनाला आला. या निवाड्याने बघितलं तर ओव्या आजीच्या. पण उतरवून तू घेतल्यास, निळ्या वहीत, जात्याशेजारी बसून. मी फक्त वही पळवली.

या आयरिश साधूंमध्ये 'अनमखारा' असायचा, आत्म्याचा मित्र. पापं त्याच्याकडे बोलायची. असा मित्र नसलेला माणूस म्हणजे मुंडकं नसलेलं धड, असं ते म्हणत. तू माझं मुंडकं, हे वहिनींना सांगू नकोस, उगाच त्यांना माझी दया यायची. प्रायश्चित्तही हे लोक मोजून देत, इतके दिवस भाकरी आणि पाणी. तू मला भाकरी-पाणी दे, पण ठेचा चालेल का ते विचारून ठेव.

नातू बोलायला लागला का? फ्लॅटचा ताबा मिळाला का? आंब्याचं कलम जगलं नसेल, मी सांगितलं होतं. सविस्तर पुढच्या पत्रात.

ती निळी वही तुझ्याकडेच आहे, मला माहीत आहे. भांडणात तू ती परत हिसकावून नेलीस. फ्लॅटच्या आवराआवरीत रद्दीत घालू नकोस. विस्तवाच्या ओवीचं पान शोध आणि फोटो काढून पाठव. टाइप करून पाठवू नकोस, तू ऱ्हस्व-दीर्घ सुधारशील.

तुझा,
दिन्या