पणजीचा पिनकोड तपासून पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पणजी मुख्य टपाल कार्यालयाचा पिनकोड ४०३००१ ही मूळ संख्या आहे. शाळेत शंभरापर्यंतच्या मूळ संख्या पाठ झाल्या की तो धडा मिटतो. त्याऐवजी पत्त्यातली ही सहा अंकी संख्या सहावी-सातवीच्या मुलांना तपासायला द्यावी, अशी गोव्यातील गणित शिक्षकांना कळकळीची विनंती.

सुरुवात वजाबाकीने करावी. ७ × ११ × १३ = १००१. म्हणून संख्येचे तीन-तीन अंकांचे दोन गट पाडून मोठ्यातून लहान वजा केला, की या तिघांचीही परीक्षा एकदम होते. मडगाव ४०३६०१: ६०१ − ४०३ = १९८, म्हणजे ११ ने भाग जातो. म्हापसा ४०३५०७: वजाबाकी १०४, १३ ने भाग जातो. फोंड्याच्या ४०३४०१ ची अंकबेरीज १२, तेव्हा तो ३ लाच सापडतो. वास्कोचा ४०३८०२ तर सम. पणजीची वजाबाकी ४०२, तिला तिघांपैकी कोणीच भागत नाही. शिवाय ४०३ = १३ × ३१. त्यामुळे ४०३ ने सुरू होणाऱ्या पिनकोडला ३१ ने भाग जातो का, हे शेवटच्या तीन अंकांवरूनच कळते.

एवढ्यावर 'मूळ' असा शेरा मारणे ही नेहमीची चूक. ६३४ चा वर्ग ४०१९५६, ६३५ चा ४०३२२५. म्हणजे ६३१ पर्यंतच्या सर्व ११५ मूळ संख्यांनी भागून पाहायला हवे. २, ३, ५, ७, ११, १३, ३१ झाल्या, उरले १०८ भागाकार. छत्तीस मुलांच्या वर्गात प्रत्येकी तीन! ९, २१ अशा संयुक्त संख्यांवर वेळ घालवू नये. बाकी मात्र लिहायलाच लावावी, कारण ४३९ × ९१८ = ४०३००२; एकाने हुकते आणि घाईत भाग गेलासा वाटतो. सहाच्या पाढ्याच्या आगेमागे एक, ही खूणही पुरेशी नाही. म्हापशाचा पिनकोड ६ × ६७२५१ + १ आहे, तरीही संयुक्त.

देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांच्या हर्षद संख्यांत, म्हणजे स्वतःच्या अंकबेरजेने पूर्ण भाग जाणाऱ्या संख्यांत, ४०३००१ बसत नाही: अंकबेरीज ८ आणि संख्या विषम.

पण ४ ने भागून बाकी १ उरते, आणि अशी मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत एकाच प्रकारे मांडता येते. २९९² + ५६०² = ८९४०१ + ३१३६०० = ४०३००१. ही जोडी मुलांना आयती देऊ नये. सम संख्या ४ च्या पटीतली हवी, कारण ८ ने भागल्यावर बाकी १ येते. एकक स्थानी वर्गांची बेरीज ० + १ किंवा ६ + ५ एवढीच शक्य. म्हणजे सम संख्येच्या शेवटी ० तरी हवा, नाहीतर विषम संख्येच्या शेवटी ५. एवढे सांगून शोधायला सोडावे.

एक गणितप्रेमी वाचक, पणजी