व्हेंटिलेटरचा निर्णय रात्रीच्या फोनवर नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे तेव्हाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी २०२४ मध्ये स्वतःचे लिव्हिंग विल नोंदवले, गोव्यातले पहिले. लिव्हिंग विल म्हणजे पुढे आपल्याला बोलता येणार नाही तेव्हा कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवलेला कागद. बातमी छापून आली, कौतुक झाले आणि विषय मागे पडला. आमच्या सत्तरी तालुक्यात आजही लिव्हिंग विल म्हटले की लोक कुळागराच्या, म्हणजे सुपारीच्या बागायतीच्या, वाटण्या काढून बसतात. म्हणून हे पत्र.

सप्टेंबर २०२० मध्ये आमचे मामंजी कोविडने इस्पितळात होते. वय ८१, जुना मधुमेह, मूत्रपिंडेही थकलेली. इस्पितळाचे नाव घेत नाही. तिथली माणसे रात्रंदिवस राबत होती. नातेवाइकांना आत प्रवेश नव्हता. मध्यरात्रीनंतर फोन आला, ऑक्सिजन ७८ च्या वर येत नाही, व्हेंटिलेटरची नळी घालायची का ते लवकर कळवा. थोरले दीर गावच्या घरी, धाकटे दुबईला, नणंद मडगावला, सगळे एका व्हॉट्सॲप कॉलवर. एकाचे म्हणणे, डॉक्टर सांगतील ते करा. दुसऱ्याचे, मागाहून रुखरुख नको, घाला नळी. मामंजींना काय हवे ते विचारले फक्त तिथल्या एका शिकाऊ डॉक्टरने. प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला आपला फोन त्याने त्यांच्या तोंडाशी धरला. मास्कच्या घरघरीतून आम्हाला एवढेच कळले, "म्हाका नळी नाका. घरा व्हरात." मला नळी नको, घरी न्या.

शुद्धीतल्या माणसाचा नकार हा नकारच असतो, त्याला स्टॅम्पपेपर लागत नाही. पण तासाभरात त्यांना ग्लानी आली आणि मग मुलांचा शब्द चालला. नळी घातली गेली. पुढचे दिवस ते व्हेंटिलेटरवर होते आणि तिथेच गेले. मुलांनी वैर साधले असे मी म्हणणार नाही. बापाला "पुरे" म्हणायची हिंमत कुठल्या मुलाला होते?

व्हेंटिलेटरच नको, असे माझे म्हणणे नाही. आमच्या शेजारचा कदंब बसचा कंडक्टर, चाळिशीतला, त्याच नळीवरून उठून घरी आला आणि आज ड्युटीवर आहे. डेक्सामेथासोनसारख्या स्वस्त औषधाने व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात, हे जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' नावाच्या चाचणीत दिसले होते. वाचण्याची शक्यता किती, हे डॉक्टरांनी सांगावे. त्यासाठी किती सोसायचे, हे मात्र ज्याचे त्याने ठरवावे.

आणि एक गोष्ट ठणकावून सांगते. असल्या कागदांचा आडोसा सरकारला मिळता कामा नये. मे २०२१ मध्ये गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, ऑक्सिजनच्या टंचाईत पहाटे २ ते ६ च्या दरम्यान रुग्ण दगावत होते. ११ मे रोजी एका पहाटेत २६ गेले आणि खुद्द आरोग्यमंत्र्यांनी उच्च न्यायालयाकडून चौकशी व्हावी अशी मागणी केली. त्याच दिवसांत १८ वर्षांवरील सगळ्यांना आयव्हरमेक्टिन हे औषध वाटण्याची घोषणाही झाली. ते फक्त चाचण्यांपुरते वापरावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने मार्चमध्येच सांगितले होते! ऑक्सिजनच नसेल, तर रुग्णाला निवडीचा हक्क आहे असे म्हणण्याला काही अर्थ उरत नाही. आधी सिलिंडर, मग सही.

लिव्हिंग विलची कटकट आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये याला मान्यता दिली, तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जावे लागे. २४ जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. आपल्या वतीने कोणी बोलायचे त्यांची नावे त्यात घालता येतात आणि मन बदलले तर ते कधीही रद्द करता येते. शिवाय कागद दाखवला की लगेच यंत्र बंद, असेही नाही. डॉक्टरांच्या एका मंडळाने पाहायचे, मग दुसऱ्याने. मी माझे केले आहे. आमचे हे अजून "बघू" म्हणतात.

आरोग्य खात्याकडे मागणे दोनच. वाळपईच्या सामाजिक आरोग्य केंद्रात, आणि प्रत्येक तालुक्यात, महिन्यातून एक दिवस राजपत्रित अधिकारी बसवून हे कागद तिथल्या तिथे साक्षांकित करून द्यावेत. त्या दिवशी माहिती सांगायला डॉक्टरही हवा, नुसता शिपाई आणि शिक्का नको. दुसरे, दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचे, कार्ड इस्पितळात दाखल होताना काढून दाखवावे लागतेच. लिव्हिंग विल आहे की नाही आणि असेल तर कोणाला फोन करायचा, याची नोंद त्या कार्डाच्या माहितीतच असावी.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, वाळपई-सत्तरी