प्रश्नचिन्हाचे पाकीट

प्रिय विश्वास,

सप्रेम नमस्कार.

आठ महिने तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहितो आहे ते पाच सेंटांच्या एका नाण्यासाठी, हे वाचून तू हसशील. पण ते नाणे मी सुधाला दाखवले तेव्हा तिने "मग बिघडले काय?" असे विचारले, आणि हे दुःख सांगायला मला तुझ्यावाचून कोणी नाही हे कळले. प्रकृती बरी आहे. साखर आटोक्यात आहे, गुडघ्याचे रडगाणे चालू आहे.

शेजारच्या बाईंचे यजमान गेल्याचे तुला कळवले होते. त्यांचा कॉफीचा एक जुना डबा बाईंनी गेल्या महिन्यात माझ्या स्वाधीन केला. आत सत्तेचाळीस बफेलो निकेल होती, म्हणजे एका बाजूला बायसन आणि दुसऱ्या बाजूला मूळनिवासी पुरुष असलेली अमेरिकेची जुनी पाच सेंटांची नाणी, सगळी बिनसालाची, वर्षाचा आकडा झिजून गेलेली. "तुम्हाला यातले कळते, हवे ते करा, फक्त काही किंमत येत असेल तर सांगा," एवढेच त्या म्हणाल्या.

शिल्पकार फ्रेझरने १९१३ च्या या नाण्यावर साल त्या मूळनिवासी पुरुषाच्या खांद्याच्या उंच, उघड्या भागावर घातले हे तुला सांगायला नको, पण माझा राग अजून शमलेला नाही. त्याच वर्षी टांकसाळीचा मुख्य कोरीवकार बार्बरने बायसनच्या पायाखालचा उंचवटा काढून 'पाच सेंट' ही अक्षरे खोलगट जागेत सुरक्षित बसवली आणि सालाला मात्र हात लावला नाही. म्हणजे जे रस्त्यावरच्या पोरालाही ठाऊक होते ते जपले आणि जे कोणाच्याच लक्षात राहणार नव्हते ते झिजायला सोडले. उभ्या स्वातंत्र्यदेवीच्या क्वार्टरवरचे, म्हणजे पंचवीस सेंटांच्या नाण्यावरचे साल टांकसाळीने १९२५ मध्ये तरी खाली घेतले. निकेल १९३८ पर्यंत तशीच निघत राहिली.

तेव्हा मी फेरिक क्लोराइड आणले. तुझ्या सर्किट बोर्डांवरचे तांबे खाणारे तेच तपकिरी पाणी, ज्याचा माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर पडलेला डाग तू आजतागायत कबूल केलेला नाहीस. निकेल नाव असले तरी या नाण्यात पंचाहत्तर टक्के तांबेच असते. ठशाच्या दाबाने आकड्यांच्या जागचा आणि भोवतालचा धातू सारखा दबलेला नसतो. आम्ल त्यांना कमीजास्त खाते, आणि सपाट खांद्यावर चार आकडे हळूहळू करडे उमटतात. काडीच्या टोकाने थेंब ठेवायचा, भिंगातून पाहत बसायचे आणि साल दिसताच धुऊन टाकायचे. मला त्याचा नाद लागला हे मी नाकारत नाही. १९१९, १९२०, १९२५, १९२९, बहुतेक फिलाडेल्फियाच्या टांकसाळीची, म्हणून टांकसाळीची खूण नसलेली. थेंबाआधी ती कवडीमोल होती आणि थेंबानंतरही जवळपास तशीच राहिली. डेन्व्हरच्या एका नाण्यावर उंचवटा होता, म्हणजे ते १९१३ चेच, आम्लाची गरज नाही, हे मला वेळेवर आठवले, त्याबद्दल शाबासकी दे.

शेवटी डब्याच्या तळाशी एक छोटे कागदी पाकीट सापडले. त्यात एकच नाणे होते आणि पाकिटावर शिसपेन्सिलीने काढलेले एक प्रश्नचिन्ह, बाकी काही नाही. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मागच्या बाजूला 'एस' ही सॅन फ्रान्सिस्कोची खूण स्वच्छ होती, उंचवटा नव्हता. मी नाणे पालथे केले आणि हाताच्या सवयीने थेंब ठेवला. उमटले १९१३.

उंचवटा काढलेली, दुसऱ्या प्रकारची ही १९१३ ची नाणी त्या टांकसाळीने १२ लाख ९ हजार पाडली. १९२६ ची तिथलीच ९ लाख ७० हजार, म्हणजे त्याहून कमी. तरीही झिजलेल्या अवस्थेत १९१३ चेच नाणे अधिक भाव खाते, यावर आपण एकदा सबंध रात्र भांडलो होतो. आम्लाने साल काढलेल्या नाण्याला मात्र त्या भावाचा अंशच मिळतो, श्रेणी देणाऱ्या संस्था त्याला अंकी श्रेणी देत नाहीत, आणि भिंगाखाली तो खांदा एखाद्या बरड माळासारखा दिसतो. भरीस भर म्हणजे हे आकडे कधीकधी पुन्हा मावळतात आणि दुसरा थेंब आणखी धातू खातो.

पण मला टोचते ते निराळेच. तू नेहमी म्हणायचास की आधी नाणे तिरप्या प्रकाशात फिरव, शेवटचे दोन आकडे पुसट दिसले तरी साल नैसर्गिकच धरले जाते. त्या गृहस्थांनी ते नाणे वेगळे काढले ते खुणेमुळे, की त्यांना '३' चा वरचा बाक दिसला होता? थेंबाच्या आधी मला काही दिसले होते का, हे मी स्वतःला रोज विचारतो, आणि रोज तो बाक थोडा अधिक स्पष्ट आठवतो, म्हणजे माझी आठवणही आता आम्लातून काढल्यासारखी झाली आहे. लिंबू-मीठ लावून मी तुझा लिंकन सेंट लख्ख केला तेव्हा तू तीन दिवस अबोला धरलास आणि मी तुला कंजूष म्हटले. तो शब्द मागे घेतो. (सदऱ्याचा डाग तुझाच.)

बाईंनी ग्रंथालयातून दरांचे पुस्तक आणले आहे आणि १९१३ च्या पानात कागदाची चिठ्ठी घालून ठेवली आहे. रविवारी त्या विचारणार. तो भाव साबूत सालाच्या नाण्याचा आहे हे सांगणे सोपे आहे. पण साल मी घालवले की नव्हतेच, हे सांगायचे कसे? त्यांना तो फरक कळणार नाही, म्हणूनच गप्प राहावेसे वाटते, आणि म्हणूनच गप्प राहणे मला शोभत नाही.

तुझ्या निवृत्तीचे पत्र मिळाले होते, अभिनंदन. अनघा नव्या घरी गेली का? वहिनींना नमस्कार.

नाणे त्याच पाकिटात घालून सोबत पाठवतो आहे. खांद्याच्या डाव्या कडेला, जिथे थेंब पोचला नाही, तिथे काही उरले आहे का ते तुझ्या दिव्याखाली पाहा आणि शनिवारच्या आत फोन कर. काही दिसले नाही, तर तसे सांग. दिसले, तरी सांग.

तुझा,
श्रीकांत