वारीतले चेहरे टिपताना

महोदय,

आषाढी वारी जवळ आली की छायाचित्रण शिकणारी मुलं गळ्यात कॅमेरा अडकवून दिवेघाट गाठतात. घाटातली गर्दी वरून टिपण्यात गैर काही नाही, पण पोर्ट्रेट शिकायचं असेल तर घाटापेक्षा विसाव्याची जागा बरी. चालत्या माणसाचा चेहरा शिकाऊ हाताला सापडत नाही, आणि फोटोसाठी वारकऱ्याला थांबवणं तर शोभतही नाही.

सर्वांत मोठी फसगत होते ती अंतराची. मोबाइल किंवा कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या किट लेन्सचं 18 मिमीचं, म्हणजे सर्वांत रुंद दृश्य घेणारं टोक घेऊन विद्यार्थी चेहऱ्यापासून हातभर अंतरावर जातात. तिथून नाक फुगतं आणि कान मागे पळतात. दोष लेन्सला दिला जातो, खरा दोष अंतराचा. दीड-दोन मीटर मागे या आणि क्रॉप सेन्सरच्या (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर 50 मिमीची लेन्स लावा. मात्र दीड मीटरवर लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/1.8 इतकं मोठं ठेवलं तर जेमतेम सहा-सात सेंटिमीटर खोलीच स्पष्ट येते. डोळे धारदार, पण कान आणि गळ्यातली तुळशीमाळ विरघळलेली. एफ/4 च्या लहान छिद्राला ही खोली दुपटीहून अधिक होते. वारकऱ्याच्या पोर्ट्रेटमध्ये माळ पुसून टाकणारं ‘ब्लर’ काय कामाचं? फोकस कॅमेऱ्याकडच्या डोळ्यावर, शटर किमान 1/200 सेकंद. भजनात माणूस डोलत असतो.

दुसरी अडचण पांढऱ्या कपड्यांची. टोपी, सदरा, धोतर असं सगळंच पांढरं चौकटीत आलं की कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर त्याला करडं करू पाहतो आणि चेहरा काळवंडतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो उजळ-गडद करण्याची सोय, दोन-तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवा आणि नंतर दुरुस्तीला वाव देणारी रॉ फाइल घ्या. भर उन्हात मात्र हा उपाय उलटतो: टोपीचा तपशील उडतो आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्याच राहतात. त्यापेक्षा माणूस राहुटीच्या तोंडाशी किंवा देवळाच्या ओसरीच्या कडेला, उजेडाकडे तोंड करून बसलेला असेल तिथे थांबा. प्रकाश समोरून तिरका येतो, डोळ्यांत चमक येते, आणि मांडीवर पसरलेलं पांढरं धोतर हनुवटीखाली रिफ्लेक्टरचं काम करतं. स्टुडिओत यासाठी थर्माकोल धरावा लागतो! पाऊस आला की निळ्या प्लास्टिकपासून जपा. त्याखालचा चेहरा निळा पडतो. बाजूने साधा उजेडही येत असेल तर अर्धा चेहरा निळा आणि अर्धा नीट असा येतो, आणि तो व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यातलं रंगछटेचं संतुलन, बदलूनही सुधारत नाही.

रचनेत ‘रूल ऑफ थर्ड्स’ (चौकटीचे आडवे-उभे तीन भाग करून विषय त्या रेषांवर ठेवणं) सगळ्यांना पाठ असतो, पण डोक्यातून उगवलेली पताकेची काठी कुणाला दिसत नाही. एक पाऊल डावी-उजवीकडे सरकलं की ती जाते. मागचं क्षितिज मानेवरून जात असेल तर थोडं खाली बसा. डोक्यावर तुळशीवृंदावन असेल तर चौकट उभी धरा आणि मंजिऱ्यांच्या वर जागा सोडा. हात घ्यायचे तर पुरते घ्या. मनगटावर कापलेला हात टाळ धरलेला असला तरी थोटा वाटतो.

शिक्षकांना एक सूचना. ‘वारीचे पन्नास फोटो आणा’ असा गृहपाठ देऊ नका. मुलं मग माणसं सोडून आकडा गाठतात. एकाच वारकऱ्याची पाच छायाचित्रं मागा, आणि ती विचारून घेतलेली असावीत. हरिपाठ चालू असताना, जेवताना किंवा कुणी पाय चेपून घेत असताना कॅमेरा खालीच बरा.

फोटो पाठवायचा शब्द दिला असेल तर नाव-गावाबरोबर दिंडीचा क्रमांक आणि ती पालखीच्या रथापुढची की रथामागची, हेही लिहून घ्यावं. गाव सापडलं नाही तरी पुढच्या वर्षी दिंडी नक्की सापडते.

– छायाचित्रण शिकवणारा एक वाचक, पुणे