रेती कुठून आणणार आणि त्यातल्या जिवांचं काय?

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या भडगाव तालुक्यातून समुद्र बघायचा तर रात्रभर गाडीत बसावं लागतं, तरी आज किनाऱ्याबद्दल लिहितोय कारण विषय रेतीचा आहे आणि रेतीचं नाव निघालं की आम्हा गिरणाकाठच्या माणसांना गप्प बसवत नाही.

समुद्र किनारा खातोय हे आता सगळ्यांना माहिती आहे. केंद्राच्या किनारपट्टी संशोधन संस्थेने १९९० ते २०१८ पर्यंतचं तपासलं तर देशाचा ३३.६ टक्के किनारा धुपतोय असं निघालं. त्यावर आधी दगडी बंधारे घालायचे, आता बाहेरून रेती आणून किनारा भरायचा असं चाललंय, पुदुच्चेरीत हे झालेलं आहे. दगडापेक्षा रेती बरी हे मलाही पटतं, दगडाच्या भिंतीवर कासव चढूच शकत नाही. पण रेती म्हणजे नुसता भराव नाही हो, त्यात जीव राहतात.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये पोरांना घेऊन रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला गेलो होतो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने २००२ पासून तिथे गावकऱ्यांना सोबत घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायचं काम सुरू केलं. तिथल्या एका काकांनी सांगितलं की मादी हात-दीड हात खड्डा करून शंभरेक अंडी घालते, पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं निघतात, आणि नर की मादी हे रेतीच्या गरमीवर ठरतं, गरम रेतीत माद्या, थंड रेतीत नर. मी तर चाटच पडलो. म्हणजे उद्या तिथे दुसरीकडची काळसर रेती टाकली, ती जास्त तापली, तर पिल्लांचा हिशोबच बदलणार. रेती मशीनने दाबून घट्ट झाली तर मादीला खड्डा करता येत नाही, आणि भरावाची कड लाटांनी तुटून उभी राहिली तर ती वर येतच नाही, अंडी न घालता परत जाते. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यांवर हे सगळं बघितलं गेलंय, भरावानंतरच्या पहिल्या सीझनला घरटी कमी होतात म्हणून तिथे नंतर रेती नांगरून मोकळी करतात.

कासव निदान दिसतं तरी. रेतीच्या आत जे बारीक खेकडे, शिंपले, किडे असतात ते एका भरावात गाडले जातात आणि त्यांच्यावर जगणारे चिखल्या, टिलवा हे पक्षी उपाशी राहतात, हेच पक्षी हिवाळ्यात आमच्या जिल्ह्यातल्या हतनूर धरणाच्या पाण्यावरही येतात. खालचे जीव हळूहळू परत येतात, पण भराव लाटांनी वाहून जातो म्हणून दर काही वर्षांनी पुन्हा टाकावा लागतो आणि जीव सावरायच्या आत दुसरा थर येऊन पडतो. नेदरलँड्सने २०११ मध्ये म्हणूनच वेगळं केलं, हेग शहराजवळ एकदाच २ कोटी १५ लाख घनमीटर रेती टाकली आणि पुढे ती वाऱ्या-लाटांनीच पसरू दिली, म्हणजे तोच किनारा परत परत गाडायला नको. आपल्या हिशोबात सांगायचं तर साधारण ७६ लाख ब्रास! एवढी रेती त्यांनी समुद्राच्या तळातून काढली, म्हणजे तिथलेही जीव उपसलेच.

आता मुद्द्याचं. रेती कुठून येणार? मायामीला समुद्रातली जवळची रेती संपली तेव्हा आतल्या खाणीतून ट्रकने आणावी लागली. हे वाचलं आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण ट्रक-डंपरने नदी कशी संपते ते आम्ही रोज बघतो. आमच्या विहिरीला पूर्वी मे महिन्यातही पाणी असायचं, नदीतली रेती पाणी धरून ठेवायची. आता पात्रात खडक उघडा पडलाय आणि विहीर फेब्रुवारीतच तळ गाठते. आई म्हणते, "नदी नागडी करी टाकी रे भाऊ." उन्हाळ्यात रेतीच्या पट्ट्यावर सुरय आणि टिटवी अंडी घालायची, आता तिथे ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या आहेत.

आणि किनारा धुपतो त्यात नद्यांचाही वाटा आहे, हे कोणी बोलत नाही. गिरणेची रेती तापीत जायची, तापी ती सुरतजवळ समुद्राला द्यायची. मधे गिरणा धरण आणि तापीवरचं १९७२ चं उकाई धरण, रेती तिथेच अडते, उरलेली आम्ही उपसतो. कोकणातल्या नद्या वेगळ्या पण उपसा तिथल्या खाड्यांतही चालतोच.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की महाराष्ट्रात कुठेही किनारा भरायचा असेल तर नदीच्या रेतीला हात लावू नका, टाकायची रेती रंगाने आणि दाण्याने तिथल्यासारखीच असू द्या, कासवांच्या सीझनमध्ये काम बंद ठेवा, आणि काम सुरू करायच्या आधी दोन वर्षं व नंतर निदान दहा वर्षं घरटी, पक्षी आणि रेतीतले जीव मोजा. वर्षभर मोजून फाईल बंद करू नका. ते आकडे मराठीत तुमच्या पेपरात छापून आले पाहिजेत, वेळासच्या त्या काकांना वाचता येतील असे.

— एक शेतकरी वाचक, ता. भडगाव, जि. जळगाव