'एकाच केबलवर सगळं' म्हणून बसवलेल्या यंत्रणेबाबत लेखी तक्रार

पाथर्डी फाटा, नाशिक
दि. १२ जून २०२६

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग,
मुख्य कार्यालय, पुणे

विषय : सोसायटीतील पीओई (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देणाऱ्या) यंत्रणेसाठी वापरलेली हलकी केबल, अपुरा नेटवर्क स्विच (सगळ्या केबल जिथून निघतात ती पेटी) आणि वॉरंटीत असूनही दुरुस्तीस होणारी टाळाटाळ.

महोदय,

आमच्या सोसायटीचे कॅमेरे, जिन्याच्या दारांवरचे कार्ड रीडर, तळघरातल्या पार्किंगचे सेन्सरवाले दिवे आणि वायफाय ही सगळी यंत्रणा तुमच्या कंपनीने गेल्या दिवाळीच्या आधी बसवली. वॉरंटी तीन वर्षांची आहे आणि पूर्ण रक्कम तुम्हाला पोहोचलेली आहे. फोनवर केलेल्या प्रत्येक तक्रारीला "आपले तिकीट बंद करण्यात आले आहे" असा मेसेज येतो. तिकीट बंद होतं, बिघाड चालूच राहतो. म्हणून हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवत आहे.

बिघाड थोडक्यात असा. अंधार पडला की मेन गेटचा फिरता कॅमेरा बंद पडतो, मिनिटभराने पुन्हा सुरू होतो, पुन्हा बंद पडतो. सकाळी उजाडल्यावर तो ठणठणीत. रात्री बऱ्याचदा 'ए' विंगचे कार्ड रीडरही मरतात. दाराचं कुलूप मात्र वेगळ्या अॅडॉप्टरवर असल्याने बंदच राहतं. मग सेकंड शिफ्ट करून अंबडहून आलेली माणसं खिशात कार्ड असूनही खाली उभी, आणि वॉचमन आतून बटण दाबायला धावतोय. वॉचमनचं वय पासष्टच्या पुढे आहे. हे लिहिण्याची गरज नव्हती, पण तुमच्या कॉल सेंटरच्या मुलीने "तात्पुरती मॅन्युअल व्यवस्था करा" असं सुचवलं होतं, म्हणून लिहिलं.

तुमच्या माणसांनी आजवर दिलेली कारणं अशी : नाशिकला व्होल्टेज कमीजास्त होतं, कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर अपडेट करावं लागेल, आणि सिंहस्थाच्या कामांमुळे सध्या माणसं मोकळी नाहीत. तिसरं कारण मला पटतं. सिंहस्थ तोंडावर आलाय, शहरभर केबल ओढायचं काम चालू आहे. पहिली दोन पटत नाहीत. स्विच यूपीएसवर आहे, बाहेरचं व्होल्टेज हललं तरी स्विचमधून निघणारा डीसी पुरवठा हलत नाही. तो मी स्वतः मोजला आहे. आणि जे सॉफ्टवेअर सूर्य पाहून बिघडतं, असं अजून माझ्या पाहण्यात नाही. माझी सगळी नोकरी सातपूरच्या कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये गेली. कमिटीने म्हणूनच हे प्रकरण माझ्याकडे दिलं.

पहिल्यांदा एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे उत्तरात तुम्ही मला तंत्रज्ञान शिकवू नये. पीओईबद्दल आमची काहीही तक्रार नाही. नेटवर्कच्याच केबलमधून डेटाबरोबर वीज द्यायची ही पद्धत जुनी आणि पारखलेली आहे. आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेचं पहिलं मानक २००३ मध्ये आलं, त्यात स्विचच्या एका पोर्टातून १५.४ वॅट मिळत. २००९ च्या मानकाने ते ३० वॅट केले आणि २०१८ च्या मानकाने केबलमधल्या आठ तारांच्या चारही जोड्या वापरून ९० वॅटपर्यंत नेले. स्विच आधी समोरच्या उपकरणाची ओळख तपासतो, साधारण २५ किलोओहमचा रोध दिसला तरच वीज सोडतो. त्यामुळे चुकून कोणी दुसरी वस्तू जोडली तरी ती जळत नाही. प्रत्येक कॅमेऱ्यापाशी प्लग पॉइंट लागत नाही, एक यूपीएस सगळ्यांना पुरतो. सर्वसाधारण सभेत तुमच्या प्रतिनिधीने हे सगळं सांगितलं होतं आणि ते खरं होतं. म्हणूनच ठराव मंजूर झाला. तक्रार तुम्ही ते ज्या मालाने केलं त्या मालाची आहे.

आता केबल. कोटेशनमध्ये "कॅट ६, शुद्ध तांबे" असं लिहिलेलं आहे. कॅट ६ हा नेटवर्क केबलचा एक ठरलेला दर्जा. डक्टमध्ये उरलेला तुकडा मी ब्लेडने खरवडला तर वरचा तांब्याचा रंग निघून आत पांढरा धातू दिसला. ही अॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल आहे, बाजारात जिला सीसीए म्हणतात. टीआयए आणि आयएसओ या संस्थांच्या केबलविषयीच्या दोन्ही मानकांत कॅट ६ केबलची तार तांब्याचीच लागते. सीसीए केबलवर बाहेरून काहीही छापलेलं असो, ती कॅट ६ नाही. तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या तारेपेक्षा तिचा रोध साधारण दीडपट असतो, ती लवकर तापते आणि वाकवताना लवकर तुटते. नुसता डेटा न्यायचा असता तर कदाचित कोणाच्या लक्षातही आलं नसतं. वीज न्यायला लागल्यावर उघडं पडलं.

दुसरं, लांबी. या पद्धतीत स्विचपासून उपकरणापर्यंत जास्तीत जास्त १०० मीटर जाता येतं : ९० मीटर पक्की ओढलेली केबल आणि बाकी दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड, म्हणजे जोडणीच्या छोट्या वायरी. केबलवर दर मीटरला आकडे छापलेले असतात, ते वाचून गेटची लांबी काढली तर ११८ मीटर भरली. शिवाय बागेतल्या चेंबरमध्ये मधोमध एक जॉइंट निघाला. आठही तारा हाताने पिळून वर काळी टेप गुंडाळलेली. जूनच्या पहिल्या पावसात तो चेंबर अर्धा भरला होता.

मी गेटच्या टोकाला जोडीतल्या दोन तारा एकमेकींना जोडल्या आणि स्विचच्या टोकाला मीटर लावला. प्रोबचा रोध वजा करून ३४ ओहम आले. पूर्ण १०० मीटरच्या मार्गालाही मानकात २५ ओहमची मर्यादा आहे. ३० वॅटच्या प्रकारात वीज दोन जोड्यांतून जाते, म्हणजे प्रत्यक्ष वाटेत १७ ओहम. आता तुमच्या इंजिनिअरला पुढचा हिशेब करायला सांगा, अर्ध्या पानाचा आहे. स्विचमधून ५२ व्होल्ट निघतात. दिवसा कॅमेरा १२ वॅटच्या आसपास घेतो, तेव्हा गेटपर्यंत जवळपास ४८ व्होल्ट पोहोचतात आणि सगळं सुरळीत चालतं. अंधार पडला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, त्यात तो फिरू लागला की मागणी २५ वॅटवर जाते. त्या वेळी गेटला मिळतात ४१.८ व्होल्ट. या प्रकारच्या उपकरणाला किमान ४२.५ व्होल्ट लागतात. वाटेत तारांमध्येच सहा वॅट खर्ची पडतात, म्हणून स्विचला ३१ वॅट द्यावे लागतात आणि पोर्टाची मर्यादा आहे ३०. कॅमेरा रोज संध्याकाळीच का मरतो याचं उत्तर एवढंच आहे.

द्राक्षबागेत ठिबकची नळी हवी त्यापेक्षा लांब आणि बारीक टाकली तर शेवटच्या वेलीपाशी थेंब पडत नाही, हे निफाडचा कुठलाही शेतकरी सांगेल. तो त्यासाठी मोटरला शिव्या देत नाही. तुमच्या माणसाने मात्र कॅमेरा बदलून दिला. नवा कॅमेरा त्याच संध्याकाळी बंद पडला.

शिवाय ही मोजणी मी सकाळी, ऊन तापण्याआधी केली. गच्चीवरून 'बी' विंगकडे जाणाऱ्या केबल तुम्ही काळ्या पीव्हीसी पाइपात टायने घट्ट आवळून कोंबल्या आहेत. केबलच्या लांबीचे सगळे आकडे २० अंश तापमान धरून दिलेले असतात. त्याच्या वर गेलं की सिग्नलची घट वाढते आणि लांबी कमी धरावी लागते. तांब्याचा रोधही दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. मे महिन्यात नाशिकच्या गच्चीवर दुपारी पाइपाला हात लावून पाहायला मी तुम्हाला आग्रहाने बोलावलं असतं, पण ती वेळ गेली.

कार्ड रीडरचं कारण वेगळं आहे, आणि ते जास्त संतापजनक आहे कारण त्यासाठी चेंबरही उघडावा लागत नाही. स्विचला २४ पोर्ट आहेत, प्रत्येक पोर्ट ३० वॅट देतो असं तुमच्या पत्रकात ठळक अक्षरांत आहे. एका वेळी सगळ्या पोर्टांना मिळून किती वीज मिळेल ते स्विचच्या पाठीवर लिहिलं आहे : ३७० वॅट. चोवीस पोर्टांना वाटली तर प्रत्येकी साडेपंधराही येत नाहीत. आमच्याकडे पार्किंगचे सहा दिवे प्रत्येकी २५ वॅटचे, दहा साधे कॅमेरे रात्री १२ वॅटचे, चार वायफायचे डबे १५ वॅटचे, गेटच्या कॅमेऱ्याचे ३० आणि तीन रीडर ८ वॅटचे. बेरीज ३८४ होते. कोटेशन बनवताना ही बेरीज कोणी केलीच नाही, किंवा केली आणि आम्हाला सांगितली नाही. रात्री गाड्या आत येऊ लागल्या की सगळे दिवे पूर्ण उजेडावर जातात, मर्यादा ओलांडली जाते आणि आमच्या स्विचच्या सेटिंगमध्ये शेवटच्या पोर्टांना सर्वांत कमी प्राधान्य असल्याने तेच आधी बंद होतात. शेवटच्या पोर्टांवर तुम्ही काय जोडलंय? दारं.

एप्रिलमध्ये तुमच्या तंत्रज्ञाने गेटचा कॅमेरा चालावा म्हणून वॉचमनच्या केबिनमध्ये एक स्वस्त इंजेक्टर, म्हणजे केबलमध्ये मधूनच वीज सोडणारा डबा, लावून दिला. तो समोर कोण आहे हे न तपासता सतत वीज सोडणारा होता. केबिनमधल्या संगणकाची वायर कोणीतरी त्याच्यात खोचली आणि संगणकाचा लॅन पोर्ट जळाला. मानकाप्रमाणे चालणारा इंजेक्टर असता तर हे झालंच नसतं. त्या माणसाला मी दोष देत नाही. त्याच्या बॅगेत जे होतं ते त्याने लावलं. बॅगेत काय असावं हे तुम्ही ठरवता.

काम पूर्ण झाल्याचा जो "टेस्ट रिपोर्ट" तुम्ही फाइलला लावला आहे त्याबद्दलही दोन शब्द. तो आठ दिवे लागणाऱ्या साध्या टेस्टरवरून केलेला आहे. त्यावरून तारा तुटलेल्या नाहीत आणि क्रमाने लागल्या आहेत एवढंच कळतं. रोध, सिग्नलची घट, जोडीतल्या दोन तारांमधला फरक यांतलं काहीही त्याने कळत नाही. त्या रिपोर्टवर गेटच्या केबलची लांबी "ओके" अशी लिहिली आहे. मीटरच्या रकान्यात "ओके" लिहिलेलं मी प्रथमच पाहिलं.

यूपीएस चार तास चालेल असं सांगितलं होतं. लाइट गेल्यावर तो पाऊण तासही टिकत नाही. हा मुद्दा मी वाढवत नाही, वरची बेरीज नीट झाली असती तर यूपीएसही नीट निवडला गेला असता.

आमची मागणी अशी आहे. बसवलेली सगळी सीसीए केबल काढून शुद्ध तांब्याची कॅट ६ केबल स्वखर्चाने ओढून द्यावी, मध्ये जॉइंट नको. गेटपर्यंत तांब्याची केबल नेऊच नये. फायबर (काचेच्या तंतूची केबल) टाकून केबिनमध्ये छोटा पीओई स्विच बसवावा. त्याने लांबीचा प्रश्न सुटेल आणि वळवाच्या विजांमध्ये गेटवरून आलेला झटका मुख्य स्विचपर्यंत पोहोचणार नाही. मुख्य स्विच आमच्या बेरजेला किमान चौथा हिस्सा शिल्लक ठेवणारा द्यावा आणि दारांच्या रीडरना सर्वांत वरचं प्राधान्य लावावं. यूपीएस त्या भारानुसार बदलावा. प्रत्येक केबलचा सर्टिफायर मशीनवरचा (रोध, घट, लांबी हे सगळं मोजणाऱ्या यंत्रावरचा) रिपोर्ट मिळावा, तो आमच्यासमोर काढलेला असावा. जळालेल्या संगणकाची भरपाई द्यावी. वार्षिक देखभालीचा करार केल्याशिवाय माणूस पाठवणार नाही, असं जे तोंडी सांगितलं जातं ते लेखी द्यावं किंवा बंद करावं. वॉरंटीच्या काळात तो करार आम्ही करणार नाही.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर आणि कामाचं वेळापत्रक आलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार आम्ही जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. त्या कायद्याने तक्रारदाराला स्वतःच्या जिल्ह्यात दाद मागता येते, त्यामुळे तुमचं कार्यालय पुण्यात असलं तरी तारखेला तुम्हाला नाशिकला यावं लागेल. सहकारी संस्थेला तक्रार करता येते का, हा मुद्दाही तुमच्या वकिलांनी काढू नये. कायद्याने केलेल्या 'व्यक्ती'च्या व्याख्येत सहकारी संस्था आहे. कोटेशनमधली "शुद्ध तांबे" ही ओळ आणि केबलचा खरवडलेला तुकडा हे दोनच पुरावे पुरेसे आहेत असं आमचे वकील म्हणतात.

पाहणीला माणूस पाठवणार असाल तर संध्याकाळी सातनंतर पाठवा. सकाळी अकराला येऊन "सगळं चालू आहे" असा शेरा मारून गेलेल्या माणसाच्या कागदावर यापुढे कमिटीचा कोणीही सही करणार नाही. येताना मीटर आणावा. नसेल तर माझा आहे.

कळावे,

सचिव,
सहकारी गृहनिर्माण संस्था,
पाथर्डी फाटा, नाशिक

सोबत : कोटेशन व पावतीची प्रत, रोध आणि व्होल्टेजच्या मोजणीचा तक्ता, चेंबरमधील जॉइंटची छायाचित्रे, केबलचा एक वीतभर तुकडा (दुसरा तुकडा संस्थेच्या कपाटात सीलबंद आहे).